जुनी येझदी, एकटा स्वार: मांडवा ते रेडी सागरी मार्गाने

येझदी या जुन्या टू-स्ट्रोक मोटारसायकलचं इंजिन चढाला सहसा निकामी होत नाही, उताराला होतं. हे आधीच सांगायचं कारण म्हणजे या रस्त्याचा स्वभाव. कोकण किनाऱ्याने मांडव्यापासून रेडीपर्यंत साधारण ५०० किलोमीटर एकच क्रम चालू असतो: खाडीकडे उतार, पलीकडे चढ, वर जांभ्याचा सडा म्हणजे सपाट खडकाळ माळ, की परत उतार. जुन्या टू-स्ट्रोकला ऑइल मिळतं ते पेट्रोलमधूनच. उतारावर गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर पूर्ण सोडला, तर पिस्टन जोरात पळतोय आणि पेट्रोल जवळपास बंद, म्हणजे ऑइलही बंद. वेळणेश्वर, हेदवी, कोळथरे या गावांत उतरताना असं दोन-तीन मिनिटं झालं तरी तापलेला पिस्टन धरू शकतो, म्हणजे सिलिंडरमध्ये अडकू शकतो. म्हणून उतारावर दर आठ-दहा सेकंदांनी क्लच दाबून ॲक्सिलरेटरला एक झटका द्यायचा. क्लच धरून नुसतं घरंगळत मात्र जायचं नाही. टू-स्ट्रोकला इंजिनाचा ब्रेक आधीच नावापुरता, त्यात दोन्ही ड्रम तापले की थांबायला काहीच उरत नाही.

पिस्टन धरायला लागला की आधी गाडी ओढेनाशी होते, कोणीतरी मागून धरल्यासारखी. त्याच क्षणी क्लच दाबा आणि बाजूला घ्या. किक मारायची घाई नको. अर्धा तास थंड होऊ द्या, प्लग काढून भोकातून अर्धा चमचा टू-टी (टू-स्ट्रोकचं) ऑइल सोडा, हलक्या हाताने दोन-चार किका फिरवा. मोकळं फिरलं तर पुढे चाळीसच्या वेगाने जा.

ऑइलचं प्रमाण १:२५, म्हणजे लिटरला ४० मिली. कमी ऑइलवर चालतं असं सांगणारे भेटतील. त्यांच्या गाड्या शहरात फिरतात. वळणं-वाकणं धरून ६०० किलोमीटर आणि लिटरला ३० चा ॲव्हरेज धरला तर २० लिटर पेट्रोल, म्हणजे ८०० मिली ऑइल. एक लिटरचा डबा घरूनच घ्या. पंपावर अर्धा लिटर पेट्रोल बाटलीत घेऊन त्यात ऑइल हलवून ओतावं, मग टाकी भरावी. ऑइल थेट टाकीत ओतलं तर बरंचसं तळाशी, पेट्रोलच्या कॉकपाशीच बसतं.

पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं. ते हवेतलं पाणी ओढतं, आणि कोकणच्या हवेत पाण्याला तोटा नाही. पाणी फार झालं की इथेनॉलसकट तळाशी वेगळं होतं. त्या थरात ऑइल नसतं आणि कार्बोरेटरकडे आधी जातो तो तोच. गाडी महिनाभर उभी असेल तर निघण्यापूर्वी टाकी आणि कार्बोरेटरखालची फ्लोटची वाटी रिकामी करून ताजं पेट्रोल भरा. इथेनॉलने मिश्रण पातळही होतं, त्यामुळे कार्बोरेटरची नीडल एक खाच वर घ्यावी. शंभर किलोमीटरनंतर प्लग बदामी दिसला की झालं. पांढुरका दिसला तर आणखी एक खाच.

निघण्याआधी पाहायची मुख्य गोष्ट क्रँकची ऑइल सीलं. डावीकडचं, प्रायमरी चेनच्या बाजूचं सील गेलं की गिअरबॉक्सचं ऑइल इंजिनात ओढलं जातं: धूर पांढरा आणि दाट, गिअरबॉक्सची पातळी मात्र कमी. उजवीकडचं, डायनामोच्या बाजूचं गेलं की हवा शिरते. आयडलिंग आपोआप चढतं आणि इंजिन तापतं. दुसरा दोष जास्त घातक, कारण धूर नसल्याने कोणाच्या लक्षात येत नाही. पॉइंटचा (ठिणगीसाठी उघडमिट होणाऱ्या संपर्कांचा) गॅप ०.४ मिमी, प्लगचा ०.६. दोन्ही सायलेन्सरच्या आतल्या नळ्या काढून काजळी खरवडून घ्या, नाहीतर चढावर दम लागतो.

येझदीचा म्हैसूरचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. त्यामुळे बाजारात मिळणारे बरेचसे भाग नकली, आणि त्यात कंडेन्सर सर्वांत बेभरवशाचा. नवा कंडेन्सर आणि पॉइंट घरीच बसवून शंभरेक किलोमीटर चालवा. काढलेले जुने, खात्रीचे भाग पिशवीत ठेवा. उलटं करू नका. गाडी गरम झाल्यावर बंद पडते, थंड झाली की चालू होते, आणि पॉइंट उघडताना त्यांच्यातच निळी ठिणगी उडते, तर कंडेन्सर गेला.

पिशवीत आणखी: दोन प्लग, क्लच आणि ॲक्सिलरेटरची केबल, चेन लॉक, डायनामोचे कार्बन ब्रश, सहा व्होल्टचे दोन बल्ब, फ्यूज, हातभर पेट्रोल पाइप, फिलर गेज, एम-सील. ट्यूब दोन घ्याच. १६ इंची ट्यूब पंक्चरवाल्याकडे असेलच असं नाही. इमर्जन्सी दिव्यात असते ती सहा व्होल्ट, साडेचार अँपिअर-तासाची सीलबंद बॅटरी इलेक्ट्रिकच्या दुकानात सहज मिळते. मूळ बॅटरीने मान टाकली तर ती जोडून, हेडलाइट न लावता, मुक्काम गाठता येतो. कारण इथे बॅटरी पूर्ण मेली की ठिणगीचा भरवसा नाही, धक्का मारून चालू होईलच असं नाही.

रात्री चालवू नका. घाटात कमी आरपीएमवर डायनामो जेवढं देतो त्यापेक्षा हेडलाइट जास्त खातो, आणि उजेड तरी किती, तर समोरचा बैल दिसेल इतका. तो बसलेला असेल तर तेवढाही नाही.

आता रस्ता. भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीने मांडवा गाठलं की पनवेल-पेणची गर्दी टळते. अलिबाग, काशीद, मुरूड, आगरदांडा. तिथून जंगलजेटीने (गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीने) दिघी, मग दिवेआगर आणि श्रीवर्धन. हा पहिला दिवस. दुसऱ्या दिवशी हरिहरेश्वराजवळ बागमांडल्याहून वेसवीला उतरून केळशी, आंजर्ले, हर्णै, दाभोळ. पुन्हा जेटीने धोपावे आणि गुहागर. श्रीवर्धनला टाकी भरा, त्यानंतर थेट दापोली परिसरावर विसंबा. तिसरा दिवस तवसाळ-जयगड जेटी, गणपतीपुळे, आरे-वारे, रत्नागिरी. अंतर मुद्दाम कमी ठेवलं आहे: सामान किंवा मेकॅनिक लागणार असेल तर रत्नागिरी हीच मधली मोठी जागा. चौथ्या दिवशी पावस, पूर्णगड, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड. पाचव्या दिवशी कुणकेश्वर, आचरा, मालवण, वेंगुर्ला, शिरोडा, रेडी. दिवाळीनंतर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. जेटींच्या वेळा हंगामाप्रमाणे बदलतात. संध्याकाळची शेवटची फेरी आदल्या गावातच विचारून ठेवा, चुकली तर खाडीला वळसा घालण्यात अर्धा दिवस जातो.

जेटीवर एकट्या स्वाराची खरी परीक्षा असते. ओहोटीला धक्क्याचा उतार तिरपा होतो आणि खालच्या टप्प्यावर शेवाळ असतं. आधी चारचाक्या जाऊ द्या. मग पहिल्या गिअरमध्ये, पाय जमिनीलगत ठेवून सरळ रेषेत उतरा. पुढचा ब्रेक अजिबात नको. बोटीत मेन स्टँड लावून गिअरमध्ये ठेवा, हँडल धरून उभे राहा आणि पेट्रोल कॉक बंद करा. जुना फ्लोट बोटीच्या हेलकाव्यांनी गळतो आणि पेट्रोल क्रँककेसमध्ये साचतं. मग पलीकडे उतरायची वेळ आली की गाडी चालू होत नाही आणि मागे जीपवाला हॉर्न देत असतो. असं झालंच तर गाडी ढकलून बाहेर काढा. कॉक बंद ठेवून प्लग काढा, ॲक्सिलरेटर पूर्ण पिळून दहा-बारा किका मारा, प्लग पुसून परत लावा.

कागदपत्रांत एक मेख आहे. पन्नास वर्षांवरच्या गाडीला २०२१ च्या नियमांनुसार 'व्हीए' मालिकेचा व्हिंटेज क्रमांक मिळतो. पण ती नोंदणी प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, दुरुस्ती अशा कामांपुरती आहे, नेहमीच्या वापरासाठी नाही. फिरायचं असेल तर जुना क्रमांक ठेवून नोंदणीचं नूतनीकरण, हरित कर, विमा आणि पीयूसी चालू ठेवा.

परतीला आंबोली घाटाने कोल्हापूर गाठता येतं. चढ लांब आहे, मध्ये दोनदा थांबा. कंटाळा आला तर मडगावहून गाडी रेल्वे पार्सलने पाठवा. आरसी आणि ओळखपत्राच्या प्रती लागतात, टाकी पूर्ण रिकामी करावी लागते, आणि टाकी-हेडलाइटला गोणपाट गुंडाळून घेणं आपल्याच हिताचं. घरी पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी गोड्या पाण्याने धुऊन काढा. खाऱ्या हवेने आधी स्पोक आणि वायरिंगची टोकं गंजतात. टोकं उघडून, घासून, थोडं ग्रीस लावून परत जोडा.