ओगिमीचं कारलं

नागो शहरात बस बदलायची होती. पाटी जपानीत, मी कॉफीत, आणि डोळ्यांदेखत माझी बस निघून गेली. पुढची बस मिळून जपानच्या ओकिनावा बेटाच्या उत्तरेकडच्या ओगिमी गावात पोचलो तेव्हा उन्हं कलली होती.

गाव जेमतेम तीन हजार वस्तीचं. पुढे समुद्र, मागे जंगलाचा डोंगर, मधल्या चिंचोळ्या पट्टीत घरं आणि घरांमागे परसबागा. दीर्घायुषी लोकांचं गाव म्हणून ओगिमीचं नाव जगभर झालंय. तसा शिलालेखच आहे इथे: ऐंशीचे आहात म्हणजे अजून पोर आहात, नव्वदीत वरून बोलावणं आलं तर शंभरीपर्यंत थांबा म्हणून सांगा. ज्यांच्या घरी उतरलो त्या आजी अठ्ठ्याहत्तरच्या. म्हणजे पोरही नाहीत अजून!

रात्री गोया चांपुरू नावाची परतलेली भाजी होती. गोया म्हणजे आपलं कारलंच, फक्त जाडजूड आणि गडद हिरवं. आजींनी ते उभं चिरलं, चमच्याने गर खरवडून काढला, पातळ चकत्या केल्या आणि मीठ लावून ठेवल्या. मग घट्ट पिळून, तोफूबरोबर मोठ्या आचेवर परतून वर अंडं फोडलं. गूळ नाही, चिंच नाही. आपल्याकडे कारलं तुपात तळून साखरेत घोळण्याची म्हण आहे. इथे कडूपणा लपवायची कुणाला गरजच वाटत नाही. पहिल्या घासाला माझं तोंड वाकडं झालं. तिसऱ्याला मीच वाढून घेतलं.

शेजारी वाटीत उकडलेलं जांभळं रताळं. मला एकदम एकादशी आठवली. इथे मात्र ते उपासाचं नव्हे, रोजचं पोटभरीचं. १६०५ साली चीनमधून आलेलं हे कंद वादळातही जमिनीखाली टिकायचं, आणि दुसऱ्या महायुद्धानंतरही काही वर्षं इथल्या माणसाच्या आहारातल्या निम्म्याहून जास्त उष्मांक त्यातूनच यायचे. आज ज्याला आपण कौतुकाने सुपरफूड म्हणतो, ते खरं तर गरिबीचं जेवण होतं.

जेवताना शेजारच्या आजोबा-आजी परसातली भाजी घेऊन आले. सगळे जमिनीवरच्या तातामी चटयांवर बसले, गप्पा झाल्या, आणि निघताना आजोबा कशाचाही आधार न घेता उठले. मी टेबलाला धरून. दिवसातून वीसदा असं उठबस करणाऱ्याला वेगळा व्यायाम कशाला हवा? 'हारा हाची बु' म्हणजे पोट दहापैकी आठच भाग भरायचं, हीही इथल्यांची शिकवण. 'दोन घास कमी खा' म्हणणारी माझी आजी इथे सहज खपून गेली असती.

पण सगळा ओकिनावा काही असा नाही. १९७२पर्यंत अमेरिकेच्या ताब्यात असलेल्या या बेटांवर डबाबंद मांस आणि बर्गर आधीच रुजले. चांपुरूमध्येही आता बऱ्याच घरांत डब्यातलं मांस पडतं. पुरुषांच्या सरासरी आयुर्मानात हा प्रांत २००० साली देशातल्या ४७ प्रांतांमध्ये २६व्या क्रमांकावर घसरला, २०२०मध्ये ४३व्या. शिवाय युद्धात बहुतेक ठिकाणची जन्मनोंदणीची दप्तरं जळाली, त्यामुळे शंभरीच्या दाव्यांवर शंका घेणारे अभ्यासकही आहेत. मला त्या वादात रस कमी होता. त्या आजोबांचं उठणं मी डोळ्यांनी पाहिलं होतं.

सकाळी किजोका वाडीत गेलो. इथे केळीच्या जातीच्या झाडाच्या सोपटापासून धागा काढून बाशोफू नावाचं कापड विणतात. एका किमोनोच्या कापडाला सुमारे दोनशे झाडं लागतात. एक म्हातारी बाई जमिनीवर बसून केसाइतके बारीक धागे एकमेकांना बांधत होत्या. गाठ मारायची, टोक कापायचं, पुढचा धागा. मी हात पुढे केला तसा त्यांनी हसून एक धागा दिला. माझी गाठ पहिल्याच ओढीला सुटली. त्यांनी न बोलता ती नव्याने बांधली आणि पुढचा धागा उचलला.