आठव्या महिन्याचा घोळ

कोल्हापूर जिल्ह्यात दुधाचं बिल दहा दिवसांनी निघतं. एक ते दहा, अकरा ते वीस, आणि एकवीसपासून महिनाअखेर. गावोगावच्या दूध संस्थांचा हिशेब ज्या सॉफ्टवेअरवर चालतो, त्याचे सर्व्हर सांभाळणं हे माझं काम. ऑफिस राजारामपुरीत. रात्री क्रॉनवर, म्हणजे ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या सोयीवर, एक बॅश स्क्रिप्ट (लिनक्सच्या कमांडची यादी असलेली फाइल) चालते. ती सभासदवार लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) गोळा करते, पेंडीची कपात करते आणि बँकेला पाठवायची फाइल बनवते.

१ ऑगस्टच्या सकाळी भुदरगडकडच्या एका संस्थेच्या सेक्रेटरींचा फोन आला. "साहेब, बिल शून्य आलंय. एकाचं न्हाई, समद्यांचंच. माणसं दारात उभी हायती." मग राधानगरी, पन्हाळा, करवीर... फोन थांबेनात. बाहेर पावसाची झड लागलेली, पंचगंगा चढत होती, श्रावण तोंडावर आलेला. या पैशावर घरचा बाजार चालतो, औषधं येतात. बिल एक दिवस लांबलं तरी माणूस उसनवारीला लागतो.

फाइल उघडली. वर शीर्षकाची ओळ, खाली एकही सभासद नाही. फाइलीच्या नावात महिना होता ००. एररच्या लॉगमध्ये एकच ओळ सापडली: '०८: व्हॅल्यू टू ग्रेट फॉर बेस', म्हणजे हा अंक या अंकपद्धतीत बसत नाही.

ही स्क्रिप्ट दिवाळीच्या सुमारास नव्याने लिहिलेली. तेव्हापासून प्रत्येक एक तारखेला बिनतक्रार चाललेली. माझ्यासोबतच्या मुलाने लगेच बॅशला एन पर्याय देऊन, म्हणजे न चालवता नुसती मांडणी तपासली, काही नाही. स्क्रिप्टमधल्या चुका दाखवणारं शेलचेक हे टूल चालवलं, एकही वॉर्निंग नाही. "दादा, सिंटॅक्स तर स्वच्छ आहे," तो म्हणाला. कुठून तरी चिकटवताना न दिसणारं अक्षर घुसलं असेल, असं त्याला वाटलं. म्हणून कॅट कमांडने सगळी चिन्हं उघडी करून तो ओळ न् ओळ बघत बसला. शंका रास्त होती. विंडोजवर लिहिलेल्या फाइलीतल्या ओळीअखेरच्या खुणांनी अनेकांचा दिवस खाल्लेला आहे. इथे तसलं काही नव्हतं.

मी स्क्रिप्ट बॅशच्या एक्स पर्यायाने, म्हणजे प्रत्येक ओळ चालताना दिसेल अशी, हाताने चालवली. एक तारखेला मागच्या महिन्याचं बिल काढायचं असतं, म्हणून डेट कमांडकडून चालू महिना घ्यायचा आणि त्यातून एक वजा करायचा. जानेवारीसाठी वेगळी अट होती. डेटने दिलं ०८, आणि वजाबाकी तिथेच मोडली.

बॅशच्या अंकगणितात आकड्याच्या सुरुवातीला शून्य असेल तर तो आकडा अष्टमान पद्धतीचा धरला जातो. ही रीत सी भाषेतून आलेली. अष्टमान पद्धतीत अंक शून्य ते सातच. ०१ ते ०७ दोन्ही पद्धतींत सारखेच, १०, ११, १२ च्या आधी शून्य नाही. अडचण फक्त ०८ आणि ०९ ला. म्हणून ऑक्टोबर ते जुलै सगळं सुरळीत, आणि ऑगस्ट-सप्टेंबरला दगा. त्यात बॅशने ती ओळ सोडून दिली, पण स्क्रिप्ट थांबवली नाही. महिन्याचा चल, म्हणजे तो आकडा ठेवायची जागा, रिकामा राहिला, महिना दोन अंकी छापणाऱ्या पुढच्या ओळीने त्या रिकाम्याचं ०० केलं, आणि शून्याव्या महिन्याचं दूध शोधायला स्क्रिप्ट निघाली.

दुरुस्ती छोटी होती. चलाच्या आधी १०# लावलं की बॅश तो आकडा दशमान मानतं. दुपारपर्यंत खऱ्या फाइली बँकेकडे गेल्या, मी सेक्रेटरींना एकेक करून फोन केले.

त्यानंतर तो मुलगा चिडून म्हणाला, "मग शेलचेक ठेवायचं तरी कशाला?" हे मला अजिबात पटलं नाही. विदार होलेन यांनी हॅस्केलमध्ये लिहिलेल्या या टूलने आमचं किती नुकसान टाळलंय ते मी डोळ्यांनी पाहिलंय. अवतरणाबाहेर राहिलेला चल, त्यात रिकामी जागा असलेलं फोल्डरचं नाव, आणि पुढे फाइली पुसणारी आरएम कमांड: असली ओळ ते दर वेळी पकडतं. इतकंच काय, स्क्रिप्टमध्ये कुणी हाताने ०८ लिहिलं असतं तर त्यावरही शेलचेकने इशारा दिला असता. एससी२०८० ही सूचना त्यासाठीच आहे. पण आमचा ०८ फाइलीत नव्हताच. तो १ ऑगस्टला डेटकडून आला. शेलचेक लिहिलेलं वाचतं, चालवत नाही. कॅलेंडर त्याला कुठून दिसणार?

मग बाकीच्या स्क्रिप्ट तपासायला घेतल्या. सकाळ-संध्याकाळचं संकलन वेगळं करणाऱ्या स्क्रिप्टमध्ये तास बाराहून कमी आहे का, ही तुलना एकेरी चौकटी कंसात होती. तिथे बॅश ०८ ला सरळ आठ समजतं. दुहेरी कंसात तीच तुलना अंकगणित म्हणून होते आणि फसते. बॅशमध्ये दुहेरी कंस वापरा, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो कुणी भाबडेपणाने पाळला असता, तर रोज सकाळी आठ ते दहा, ऐन संकलनाच्या वेळी, आमची ती तुलना फसली असती.

मला खरी भीती वाटली ती सभासद क्रमांकांची. ते आम्ही शून्यं लावून चार अंकी ठेवतो. ००१२ कुठे अंकगणितात गेला तर एररसुद्धा येणार नाही, त्याचे गुपचूप दहा होतील, आणि बाराव्या सभासदाचं दूध दहाव्याच्या नावावर चढेल. ०८ निदान ओरडला तरी. सगळ्या स्क्रिप्ट धुंडाळल्या. तसं कुठे आढळलं नाही.

संध्याकाळी आम्ही तारीख स्क्रिप्टच्या आत न घेता बाहेरून देता येईल अशी सोय केली. मग त्या मुलाने बारा महिन्यांच्या एक तारखा, महिन्याचे सगळे दिवस, दिवसाचे सगळे तास एका लूपमध्ये घालून चालवले. आता हा लूप शेलचेकच्या पाठोपाठ चालतो, आणि दोन्ही पार केल्याशिवाय एकही स्क्रिप्ट सर्व्हरवर जात नाही.