बेडरूममधली कॉफी आणि सोळा अँपियरची परवानगी

बेडरूममध्ये कॉफी मशीन ठेवायचंय? मग मशीन नंतर बघा, आधी भिंतीवरचा प्लग पॉइंट बघा. हे वाक्य मला एकाही रिव्ह्यूत सापडलं नाही, म्हणून इथे सगळ्यात आधी लिहितेय.

बेडरूममध्येच का, हे मला वायरमनपासून सेक्रेटरींपर्यंत सगळ्यांनी विचारलं, तर तेही सांगून टाकते. डोंबिवलीतल्या आमच्या फ्लॅटच्या स्वयंपाकघराला दार नाही. ते सरळ हॉलमध्ये उघडतं आणि हॉलमध्ये सासूबाई झोपतात. त्यांची झोप इतकी सावध की ओट्यावर चमचा ठेवला तरी "कोण आहे गं?" येतंच. मला सहाच्या आतली लोकल गाठायची असते. पाच वाजता लायटर वाजवला की त्या उठणार, उठल्या की माझ्या हातातलं पातेलं काढून घेऊन चहा टाकणार, आणि त्या चहाला नाही म्हणायची माझी टाप नाही. नवरा मात्र खोलीत ढोल-ताशे वाजले तरी कूस बदलत नाही. तेव्हा आवाज करायला घरातली सगळ्यात सुरक्षित जागा म्हणजे आमची बेडरूम.

मशीन कुठलं घ्यायचं याचा गोंधळ मी समजले होते त्यापेक्षा बराच लवकर मिटला. कॅप्सूलवाली मशीन्स बेडरूमला खरं तर सगळ्यात सोयीची: पावडर सांडत नाही, चोथा हाताला लागत नाही, मिनिटभरात कप तयार. पण रोजच्या दोन कॅप्सूल म्हणजे महिन्याला किती, हा हिशेब केला आणि टॅब बंद केला. ड्रिप मशीन साधं, सहाशे-सातशे वॅटवर चालणारं आणि जवळजवळ मुकं. काळी कॉफी पिणाऱ्यांनी डोळे मिटून तेच घ्यावं. मला दूध लागतं. वाफेच्या दाबावर चालणारी आठशे वॅटची छोटी मशीन्सही बघितली. त्यांत आतला दाब उतरेपर्यंत झाकण उघडता येत नाही, म्हणजे दुसऱ्या कपासाठी थांबा. पहाटे पाचला थांबायचा माझा स्वभाव नाही. उरलं पंपवालं एस्प्रेसो मशीन. ऑफिसच्या मशीनने जीभ बिघडवून ठेवली होतीच, त्यामुळे मन आधीपासून तिकडेच झुकलेलं.

खोक्यावर मोठ्या अक्षरांत '१५ बार' लिहिलेलं असतं, त्याला फार भुलू नका. एस्प्रेसो उतरायला पावडरीवर साधारण ९ बार दाब लागतो. १५ ही पंपाची कमाल ताकद. खोक्याच्या बाजूला बारीक अक्षरांत वॅट लिहिलेले असतात, ते वाचा. मला आवडलेलं मशीन १४५० वॅटचं होतं आणि त्याचा प्लग जाड पिनांचा. दुकानातच मोबाइल काढून गुणाकार केला. आपल्याकडे वीज २३० व्होल्टची, बेडरूममधली सॉकेट्स सहा अँपियरची: १३८० वॅट. त्यापुढे सोळा अँपियरचा पॉइंट हवा. (जुने वायरमन अजून 'पाच' आणि 'पंधरा' म्हणतात. गोष्ट तीच.) बेडरूममध्ये सोळाचा एकच पॉइंट होता, छताखाली, एसीचा.

वायरमन आला, एसीच्या पॉइंटला हात लावायला त्याने साफ नकार दिला आणि ते बरोबरच केलं. आमची इमारत नव्वदच्या दशकातली, भिंतीतल्या वायरी त्याच काळातल्या. तो म्हणाला, डीबीपासून (घरातल्या स्विचच्या मुख्य पेटीपासून) अडीच एमएमची वेगळी वायर ओढू, भिंतीवरच्या केसिंग पट्टीतून आणू, वेगळी सोळाची एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारं बटण) टाकू, भिंतीला खाच पाडायचीच नाही. अर्ध्या दिवसाचं काम. "फक्त सोसायटीला विचारून ठेवा, मागच्या वेळी तुमच्या वॉचमनने मला गेटवरच अडवलेलं."

विचारून ठेवा! मशीन निवडायला जेवढा वेळ गेला त्याच्या कितीतरी पट वेळ या दोन शब्दांत गेला.

सोसायटीचं ऑफिस संध्याकाळी उघडतं, तेही मॅनेजर असतील तर. मी सांगितलं, एक प्लग पॉइंट घ्यायचाय. त्यांनी कपाटातून चार पानी फॉर्म काढला: 'सदनिकेतील अंतर्गत नूतनीकरणाबाबत परवानगी अर्ज'. भिंत पाडणार का, टाइल्स बदलणार का, वॉटरप्रूफिंग कोण करणार, आर्किटेक्टचं पत्र, कामगारांची आधारकार्डं, लिफ्टमधून सामान नेणार का, डेब्रिजच्या किती गोण्या निघणार, आणि वरच्या-खालच्या-शेजारच्या सदनिकाधारकांची ना-हरकत. मी पानभर 'लागू नाही, लागू नाही' लिहून परत दिला.

"मॅडम, लागू नाही चालत नाही. काहीतरी लिहा."

"काय लिहू? डेब्रिज निघणारच नाहीये."

"शून्य गोण्या घेत नाही कमिटी." असं म्हणून त्यांनी स्वतःच्या पेनाने तिथे '१' लिहिला. आणि एकदा गोणी आली म्हटल्यावर डेब्रिजची अनामत रक्कमही आली. नसलेल्या गोणीसाठी अनामत! मी भरणार नाही म्हटलं, तर अर्ज 'अपूर्ण' या शेऱ्याखाली फाइलमध्ये गेला.

ना-हरकतींचं तर विचारूच नका. वरच्या फ्लॅटचे मालक कॅनडात, राहतो तो भाडेकरू, आणि भाडेकरूची सही चालत नाही. त्यांना ईमेल केली, बिचाऱ्यांनी दुसऱ्या दिवशी उत्तर पाठवलं, तर मॅनेजर म्हणाले, ईमेल नको, सही लागेल. खालच्या वहिनींनी चहा दिला, फॉर्म पूर्ण वाचला आणि म्हणाल्या, "सही देते की, पण आधी तुमच्या बाथरूमचं लीकेज कधी बघताय ते सांगा." कॉफीचा विषय पाहता पाहता बाथरूमवर गेला. लीकेज आमचं नाही, कॉमन पाइपचं आहे. पण तो वेगळ्या लेखाचा विषय.

तरीही अर्ज कमिटीपुढे गेला, असं ऐकलं. एका रविवारी कोरम भरला नाही. पुढच्या रविवारी कुणाकडे तरी बारसं. मग गणपती आले, आणि गणपतीत आमची कमिटी वर्गणी सोडून दुसरा विषय घेत नाही. शेवटी मीटिंग झाली, तर खजिनदारांनी शंका काढली: बेडरूममध्ये एस्प्रेसो मशीन म्हणजे घरगुती व्यवसाय तर नाही ना? मला जिन्यात गाठून त्यांनी हे खरोखर विचारलं. म्हटलं, काका, इंग्लंडमध्ये १९३०च्या दशकापासून लोक उशाशी चहाचं मशीन ठेवत आलेत, घड्याळ लावलेलं, गजर व्हायच्या वेळेला चहा तयार. तिकडे कुणी त्यांना हॉटेलचं लायसन मागितलेलं माझ्या वाचनात नाही. ते हसले. हसण्याने अर्ज पुढे सरकत नसतो.

यात सगळ्यात कहर सेक्रेटरींचा. "अहो, १३८० आणि १४५०, सत्तर वॅटने काय होतंय? कन्व्हर्टर लावा आणि चालू करा." म्हणजे सुरक्षेच्या नावाखाली जी माणसं मला नीट वायर ओढू देत नव्हती, तीच मला जाड पिनांचा प्लग बारीक सॉकेटमध्ये घालायचा सल्ला देत होती! हा कन्व्हर्टर कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो आणि म्हणूनच लोकांना तो निरुपद्रवी वाटतो. कृपा करून लावू नका. प्लगच्या पिना जाड का केल्यात, याला कारण आहे: जास्त करंट, जास्त उष्णता. सहाच्या सॉकेटमागची तीस वर्षांची वायर आणि सैल झालेला स्क्रू रोज सकाळी तापत राहतात, आणि तुम्ही दोन हातांवर झोपलेले असता. एक्स्टेंशन बोर्डाचंही तेच. बोर्डावरची बटणं मोजू नका, त्याची वायर किती जाड आहे ते बघा.

सुटका केली ती तळमजल्यावरच्या काकांनी. वीज मंडळातून निवृत्त झालेला माणूस. मी जिन्यात कुणाशी तरी तावातावाने बोलत होते ते त्यांनी ऐकलं आणि दार उघडून म्हणाले, "परवानगी कशाला मागतेस? कळव." मग खुर्चीत बसवून पत्र सांगितलं. विषय: सदनिकेतील विद्युत पॉइंटच्या कामाबाबत, माहितीसाठी सादर. भिंतीला, स्लॅबला, कुठल्याही कॉमन भागाला धक्का न लावता केसिंग पट्टीतून तांब्याची अडीच एमएम वायर, सोळा अँपियर एमसीबी, अर्थिंगसह. काम परवानाधारक वायरमनकडून, परवान्याची प्रत जोडली आहे. डेब्रिज नाही. कामाची तारीख आणि वेळ अमुक. 'परवानगी', 'विनंती', 'कृपया मंजुरी' यातला एकही शब्द नाही. "आणि दोन प्रती काढ. एकीवर पोच घे. पोच घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठायचं नाही."

मी खरंच उठले नाही. मॅनेजरांनी पत्र वाचलं, उलटं करून मागचं कोरं पानही बघितलं. म्हणाले, यावर काय करायचं? म्हटलं, काहीच नाही, शिक्का मारा, आवक नंबर आणि तारीख टाका. ते म्हणाले, सेक्रेटरींना विचारतो. म्हटलं, विचारा, मी बसते. पंख्याखाली बसून मी लोकलचं टाइमटेबल पाठ केलं. शिक्का उमटला तेव्हा मला बोर्डात नंबर आल्यासारखं वाटलं, लपवत नाही.

एक मात्र नीट लक्षात घ्या. भिंत फोडणं, बाल्कनी बंद करणं, संडासाची जागा बदलणं याला सोसायटीची परवानगी लागतेच आणि लागायलाच हवी. ही पत्राची युक्ती तिथे वापरू नका.

काम त्या शनिवारी दुपारी चहाच्या वेळेपर्यंत झालंसुद्धा. वायरमनला दोन गोष्टी आधीच सांगा. सॉकेट मशीनच्या मागे नको, बाजूला हवं, म्हणजे घाईत निघताना बटण दिसतं आणि बंद होतं. आणि पलंगापासून, पडद्यापासून लांब. अजून एक, हे खरं तर सुरुवातीला लिहायला हवं: वीजबिलावर 'मंजूर भार' छापलेला असतो तो बघून घ्या. सकाळी गिझर, एसी आणि मशीन एकदम चालू असतील तर किती होतं, ते मांडून त्याच्याशी ताडून बघा.

मशीनबद्दल जे रोजच्या वापरातून कळलं ते असं. लाकडी टेबलावर पंपाची घरघर दुप्पट होते. खाली कडप्प्याचा तुकडा आणि त्याखाली रबराची चटई टाकली, आता ती भिंतीपलीकडे जात नाही. दुधाला फेस आणणाऱ्या नळीचा फुत्कार मात्र पंपाहूनही मोठा. आमच्याकडे तो नवऱ्याच्या वाट्याला येतो आणि त्याला त्याची वार्ता नसते. वर शेल्फ असेल तर मशीन तिथे ठेवू नका, वाफेने प्लायवूड फुगतं.

दूध रात्री फ्रिजमधून काढून स्टीलच्या छोट्या थर्मासमध्ये भरते, थर्मास आधी तासभर फ्रिजमध्ये थंड केलेला. पहाटेपर्यंत गार राहतं, आणि फेसाला गारच दूध लागतं. साखरेचा डबा बेडरूममध्ये आणूच नका, मुंग्या उशीपर्यंत येतात. खिशातून एक पुडी नेली की झालं. चोथा झाकणाच्या डब्यात टाकायचा आणि त्याच दिवशी बाहेर काढायचा, पावसाळ्यात दुसऱ्या दिवशी बुरशी धरते.

पावडर मी माटुंग्याहून दळून आणते. चिकोरी (कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळाची पूड) नको हे दोनदा सांगावं लागतं, कारण तिथे फिल्टर कॉफीवाल्यांचं राज्य आणि चिकोरी त्यांना हवीच असते. पाकिटातली घेत असाल तर मागे प्रमाण वाचा. मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के असली की नियमाला पुरे, म्हणजे जवळजवळ निम्मं पाकीट चिकोरी असू शकतं. या मशीनच्या बारीक जाळीत ती चिकट होऊन बसते. मशीनबरोबर दोन जाळ्या आल्या असतील तर दळून आणलेल्या पावडरीला दुहेरी तळाची वापरा, दळण थोडं इकडेतिकडे झालं तरी ती सांभाळून घेते. आणि टँकरचं पाणी असेल तर टाकीत फिल्टरचंच भरा, नाहीतर क्षार साचून धार बारीक होते.

टायमरवाला स्मार्ट प्लग लावून झोपेतच कॉफी तयार ठेवायची हौस असेल तर ती ड्रिप मशीनवर पुरवा, तेही एकदा खाली केलं की चालूच राहणारं खटक्याचं बटण असलेल्या. माझ्या मशीनचं बटण दाबायचं आहे. वीज आली तरी ते वाट बघत बसतं.

गेल्या आठवड्यात नोटीस बोर्डावर नवा कागद लागला: सदनिकेत कोणताही नवीन पॉवर पॉइंट घेण्यासाठी यापुढे विहित नमुन्यातील परवानगी आवश्यक, विषय वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे ठेवण्यात येईल. ही सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. आमच्या इमारतीतलं कुणी हे वाचत असेल तर त्यांनी पत्र आत्ताच टाका, नमुना माझ्याकडे आहे. दोन प्रती.