तो अर्धा तास

आज लेकीला दहा वर्षांचं टीडीचं, म्हणजे धनुर्वात-घटसर्पाच्या लशीचं, इंजेक्शन द्यायला नेलं होतं. टोचून झाल्यावर सिस्टर म्हणाल्या, "अर्धा तास बसा." घरी स्वयंपाक पडला होता, माझी नुसती चुळबुळ. तेवढ्यात शेजारी बसलेल्या, नुकतीच लस टोचलेल्या मुलाच्या गळ्यावर गांधी उठल्या, ओठ सुजले, पोरगं पांढरंफटक पडून कलंडलंच. आई "बाळा, बाळा" करत राहिली. सिस्टरांनी त्याला आडवं केलं, पाय उंच केले आणि सरळ मांडीत अ‍ॅड्रेनलिनचं, म्हणजे अशा जोराच्या अ‍ॅलर्जीवरचं, इंजेक्शन दिलं. ट्रे आधीच भरून ठेवलेला! काही मिनिटांत चेहऱ्यावर रंग आला, मग देखरेखीसाठी मोठ्या दवाखान्यात हलवलं. डॉक्टर म्हणाले, दहा लाख डोसांत साधारण एखाद्यालाच लशीची अशी जोराची अ‍ॅलर्जी होते, आणि बहुतेकदा याच अर्ध्या तासात. लस घ्याच. पण टोचल्याबरोबर गाडीला किक मारू नका हो.

लेक अजून विचारतेय, "तो दादा घरी आला असेल का गं?"