पेनड्राइव्हवरून सायकिट-लर्न: नेट न पुरणाऱ्या गावासाठी

रोजचा दीड जीबी डेटा, रेंजची एकच काडी आणि केव्हाही जाणारी लाइन. विदर्भातल्या खेड्यात सायकिट-लर्न (पायथनमधली मशीन लर्निंगची लायब्ररी) बसवायला गेलं की पिप इन्स्टॉल (पिप म्हणजे नेटवरून पायथनची पॅकेजं उतरवून बसवणारा प्रोग्रॅम) बहुतेक इथंच अडकतं. फाइल मध्येच तुटली की जुना पिप ती पुन्हा शून्यापासून उतरवतो. त्यापेक्षा फाइली तालुक्याच्या गावी उतरवा आणि घरी नेटशिवाय बसवा. (कमांड इंग्रजीतच टाइप करायच्या, इथं फक्त उच्चार देतो.)

आधी घरच्या कॉम्प्युटरवर कमांड प्रॉम्प्टमध्ये 'पायथन' टाइप करून एंटर मारा. पहिल्या ओळीत आवृत्ती आणि ३२ की ६४ बिट ते दिसतं. हे कागदावर लिहूनच न्या, कारण चूक होते ती इथंच. पायथन ३.११ साठीची व्हील फाइल (आधीच तयार केलेलं, थेट बसणारं पॅकेज) ३.१२ वर बसत नाही. पिप फक्त 'नो मॅचिंग डिस्ट्रिब्युशन फाउंड' म्हणतो आणि माणूस नेटला दोष देत बसतो. शाळेतल्या जुन्या मशीनवर विंडोज ७ असेल तर पायथन ३.८ च्या पुढे जाता येत नाही. त्यावर चालणारी सायकिट-लर्नची शेवटची आवृत्ती १.३.२.

तालुक्याच्या मशीनवर पायथन वेगळा असला तरी हरकत नाही. 'पिप डाउनलोड सायकिट-लर्न' पुढे 'डॅश डी' लावून पेनड्राइव्हचं फोल्डर द्या. मग पायथन-व्हर्जन ३.११ (म्हणजे कागदावर लिहिलेली घरची आवृत्ती), प्लॅटफॉर्म विन-अंडरस्कोर-एएमडी६४ आणि ओन्ली-बायनरी ऑल (ऑलच्या आधी आणि नंतर कोलन) हे तीन पर्याय जोडा. प्रोसेसर इंटेलचा असला तरी ६४ बिट विंडोजसाठी एएमडी६४ हेच लिहायचं. शेवटचा पर्याय विसरलात तर अशी कमांड पिप मुळात चालवतच नाही. सायकिट-लर्नला लागणारी नमपाय, सायपाय, जॉबलिब, थ्रेडपूलसीटीएल ही पॅकेजं आपोआप सोबत येतात. सगळं मिळून साधारण १०० एमबीच्या आत.

घरी आधी व्हेनव (पॅकेजं वेगळी ठेवायचं पायथनचं स्वतंत्र फोल्डर) तयार करून चालू करा, मग पिप इन्स्टॉलला 'नो-इंडेक्स' आणि 'फाइंड-लिंक्स' लावून तेच फोल्डर दाखवा. कोडमध्ये मात्र इम्पोर्ट 'एसकेलर्न' नावानं होतं.

कपाशीच्या पानांवरचे रोग फोटोवरून ओळखायला पायटॉर्च (डीप लर्निंगची लायब्ररी) लागलं, तर लिनक्सवाल्यांनी सांभाळा: साध्या कमांडनं ग्राफिक्स कार्डासाठीचे एनव्हिडियाचे पॅकेजही येतात, २ जीबीच्या वर. कार्ड नसेल तर पायटॉर्चच्या सीपीयू इंडेक्सवरून (फक्त प्रोसेसरवर चालणाऱ्या फाइलींच्या यादीवरून) घ्या. विंडोजवर 'डीएलएल लोड फेल्ड' आलं तर बहुधा मायक्रोसॉफ्टचं व्हिज्युअल सी प्लस प्लस रिडिस्ट्रिब्युटेबल नसतं. तेही त्याच पेनड्राइव्हवर टाकून आणा.