बाबांना दिसलेली खाण

काल्पनिक राज्यांची जमीन घडवून देणं हा माझा धंदा आहे, हे डिचोलीत कुणाला सांगायचं म्हणजे पंचाईत. व्हिडिओ गेम करणाऱ्यांना, कल्पित देशांचे नकाशे काढणाऱ्यांना डोंगर लागतात, ते मी घरी बसून वर्ल्ड मशीन या सॉफ्टवेअरमध्ये बनवतो. मूळ ऐवज एक करडं चित्र, हाइटमॅप. त्यात काळं म्हणजे तळ, पांढरं म्हणजे शिखर. आधी नॉइज, म्हणजे गणिताने काढलेले अनियमित चढउतार, वापरून उंचसखलपणा आणायचा (संगणकशास्त्रज्ञ केन पर्लिन यांनी १९८५ साली मांडलेली पद्धत अजून चालते), मग इरोजन लावायचं, म्हणजे खोटा पाऊस पाडून दऱ्या कोरायच्या.

जुलैतली गोष्ट. आठ किलोमीटर लांबीरुंदीचा, कोकणासारखा किनारा संध्याकाळपर्यंत द्यायचा होता. सर्वांत उंच डोंगर १,२०० मीटर. पण उतारांवर विचित्र रेघा उमटत होत्या. मी इरोजनला दोष देत सकाळपासून पाऊस कमीजास्त करत बसलो होतो.

बाबा चहा घेऊन आले. त्यांची नोकरी लोहखनिजाच्या खाणीवर सर्व्हेत गेली, काँटूर, म्हणजे समान उंचीच्या रेषा, काढण्यात.

"ही खाण कुणाची रे?"

"खाण नाही बाबा, डोंगर आहे."

"मग बेंच कशाला पाडलेत? पाऊस असा मापात कापतो होय? मोज बघू."

बेंच म्हणजे खाणीत कापलेल्या पायऱ्या. मोजलं. प्रत्येक पायरी ४.७ मीटर! १,२०० भागिले २५५. कपाळावर हात मारला. आदल्या रात्री खाडीचा आकार हाताने रंगवायला मी फाइल फोटो एडिटरमध्ये उघडली होती आणि जतन करताना ती आठ बिटची झाली. आठ बिटमध्ये करड्याच्या छटा फक्त २५६, म्हणजे पायऱ्या २५५. सोळा बिटमध्ये ६५,५३६, तिथे पायरी दोन सेंटिमीटरच्याही आत, कुणाला दिसणार? वर माझा खोटा पाऊस त्या सपाट बेंचवर वाट चुकत होता आणि कडेवरून पडून पायऱ्या अजूनच ठसवत होता.

फाइल पुन्हा सोळा बिटची करून उपयोग नव्हता, गेलेल्या छटा परत येत नाहीत. ब्लर मारला तर पायऱ्यांबरोबर कडेही मऊ पडतात. मूळ फाइलवरून सगळं परत उभं केलं, खाडी वेगळ्या मास्कने, म्हणजे बदल कुठे लागू करायचा ते ठरवणाऱ्या चित्राने, कोरली.

बाबा हलायला तयार नव्हते. "डोंगर सगळे टोकदार. सडा कुठाय?"

हे मात्र झोंबलं, कारण सड्यावर गुरं राखत मोठं झालेल्या माणसाचाच मी मुलगा. वर जांभ्याचं कठीण कवच, खालची माती मऊ. पाणी कडा खात जातं, माथा सपाट राहतो. मी मात्र सगळीकडे एकाच कठीणपणाचा खडक धरला होता, म्हणून माझं कोकण आल्प्ससारखं दिसत होतं. माथ्यांवर मास्क टाकून तिथलं इरोजन जवळजवळ बंद केलं. रात्रीचे दोन वाजले. उशीर झाल्याबद्दल बोलणी खाल्ली, पण काम मंजूर झालं.

पुढच्या महिन्यात त्याच गिऱ्हाइकाला नकाशात एक ओसाड खाण हवी होती. बिघडलेली फाइल मी पुसली नव्हती. तिचा एक कोपरा कापून जागेवर बसवला आणि बाबांना हाक मारली.

त्यांनी चष्मा पुसला. "बेंच ठीक आहेत. खाली पाणी घाल. पंप बंद झाले की भरतंच."