फोन गेल्यावर आयएमईआय कुठून काढायचा?

पोलीस ठाण्यात फोन हरवल्याची तक्रार द्यायला गेलं, की नाव-पत्ता झाल्यावर हमखास विचारला जातो तो आयएमईआय. हा १५ अंकी आकडा प्रत्येक मोबाइलचा वेगळा असतो. पंचाईत अशी, की तो बघायची सगळ्यात सोपी जागा म्हणजे फोनच, आणि फोन तर गेलेला!

फोन हातात असेल तर अर्ध्या मिनिटाचं काम आहे. कॉलच्या डायलपॅडवर *#०६# दाबा. शेवटचा हॅश दाबताच आकडा समोर येतो, हिरवं बटण दाबावं लागत नाही. सिम नसलं, रेंज नसली, बॅलन्स संपलेला असला तरी चालतं, कारण हा कोड नेटवर्कपर्यंत जातच नाही. फोन आपल्याच आत साठवलेला आकडा वाचून दाखवतो. बटणांच्या साध्या फोनपासून आयफोनपर्यंत कोड हाच. रस्त्यात सापडलेला फोन लॉक असेल, तर बऱ्याच अँड्रॉइड फोनवर इमर्जन्सी कॉलच्या डायलपॅडवरही तो चालतो.

सेटिंग्जमधूनही आकडा मिळतो. आयफोनवर सेटिंग्ज, जनरल, अबाउट. अँड्रॉइडवर ‘अबाउट फोन’मध्ये, पण कुठे तो पहिल्याच पानावर असतो तर कुठे ‘स्टेटस’च्या आत दडवलेला. कंपनीगणिक रस्ता पाठ करण्यापेक्षा सेटिंग्जच्या वरच्या शोधपट्टीत आयएमईआय टाइप करणं बरं.

खरा गोंधळ होतो तो पडद्यावर चार-पाच आकडे एकदम दिसल्यावर. दोन सिमच्या फोनला दोन आयएमईआय असतात, प्रत्येक सिमच्या जागेसाठी एक. दोन्ही लिहून घ्या. ब्लॉक करताना एकच दिला, तर दुसऱ्या जागेत सिम घालून फोन चालू राहू शकतो. ३२ अंकी लांबलचक ईआयडी हा ई-सिमचा आकडा, तो इथे उपयोगाचा नाही. अक्षरं मिसळलेली असतील तर बहुधा तो सीरियल नंबर. सिमकार्डावर छापलेला, ८९९१ने सुरू होणारा आकडा सिमचा असतो, फोनचा नव्हे. काही फोनवर १५ अंकांपुढे तिरकी रेघ देऊन ०१ असं काहीतरी दिसतं, ते सॉफ्टवेअरच्या आवृत्तीचे अंक. फॉर्ममध्ये भरू नका. आणि फक्त वाय-फायवर चालणारा टॅब असेल तर आयएमईआय शोधत बसू नका. मोबाइल नेटवर्कच नसलेल्या यंत्राला तो नसतोच.

या १५ अंकांपैकी पहिले ८ अंक मॉडेल सांगतात. एकाच मॉडेलच्या दोन फोनचे हे अंक बहुधा सारखे असतात (खूप खपलेल्या मॉडेलला असे अनेक संच दिलेले असतात). पुढचे ६ अंक त्या एका नगाचे. शेवटचा अंक मात्र निव्वळ पडताळणीसाठी, आणि तो कागद-पेनाने तपासता येतो. दुकानदाराने हाताने खरडलेल्या बिलावरून आकडा उतरवताना ही युक्ती फार कामाची आहे. उदाहरणांत नेहमी दिला जाणारा ४९०१५४२०३२३७५१८ हा आकडा घेऊ. शेवटचा ८ बाजूला ठेवा. उरलेल्या १४ अंकांपैकी दुसरा, चौथा, सहावा असे एकाआड एक अंक दुप्पट करा: ९, १, ४, ०, २, ७, १ यांचे १८, २, ८, ०, ४, १४, २ झाले. दोन अंकी उत्तरातले अंक एकमेकांत मिळवा, म्हणजे १८चे ९ आणि १४चे ५. यांची बेरीज ३०. दुप्पट न केलेल्या ४, ०, ५, २, ३, ३, ५ यांची २२. एकूण ५२. पुढची पूर्ण दहाई ६०, तिथे पोचायला ८ हवेत, आणि शेवटचा अंक ८च आहे. हिशेब जुळला नाही तर कुठेतरी १चा ७ किंवा ३चा ८ वाचला गेलाय. जुळला म्हणजे फोन अस्सल, असं मात्र नाही. नकली आकडाही हिशेबात बसवता येतो.

आता फोन जवळ नसताना. पहिली जागा बिल. पक्क्या बिलावर आयएमईआय छापलेला असतो, पण दोनपैकी एकच असणंही नेहमीचं. बिल हरवलं असेल तर दुकानातून प्रत मागा. ऑनलाइन घेतलेला असेल तर खात्यातल्या जुन्या ऑर्डरमध्ये बिलाची पीडीएफ मिळते. दुसरी जागा खोका. त्याच्या लेबलवर बारकोडखाली दोन्ही आकडे असतात. घरात एकाच कंपनीचे तीन-चार खोके माळ्यावर पडलेले असतील तर मॉडेल आणि रंग पडताळून घ्या; भलत्याच खोक्यावरचा आकडा दिला, तर घरातलाच चालू फोन बंद पाडाल.

बिल नाही, खोकाही रद्दीत गेला, तरी मार्ग आहे. अँड्रॉइड असेल तर दुसऱ्या फोनवर किंवा कॉम्प्युटरवर आपल्या गूगल खात्याने ‘फाइंड हब’ उघडा (पूर्वीचं ‘फाइंड माय डिव्हाइस’), हरवलेला फोन निवडा आणि नावाशेजारच्या माहितीच्या खुणेवर क्लिक करा. आयफोनसाठी ॲपल खात्याच्या वेबसाइटवर ‘डिव्हाइसेस’मध्ये फोन निवडला की आकडा दिसतो. फोनमध्ये ते खातं सुरू असायला हवं, एवढीच अट. सिम कंपनीच्या कॉल नोंदींतही आयएमईआय असतो, पण त्या नोंदी पोलिसांनी मागितल्यावर दिल्या जातात, काउंटरवर आपल्याला नाही.

आकडा हाती आला की फोन ब्लॉक करायचा तो दूरसंचार विभागाच्या सीईआयआर पोर्टलवर. सप्टेंबर २०१९मध्ये मुंबईपासून त्याची सुरुवात झाली आणि मे २०२३मध्ये त्याच विभागाच्या ‘संचार साथी’ या पोर्टलबरोबर ते देशभर खुलं झालं. पोलीस तक्रारीची प्रत आणि ओळखपत्र लागतं; खरेदीचं बिल असेल तर तेही जोडता येतं. क्रम महत्त्वाचा: आधी तक्रार, मग हरवलेल्या नंबरचं डुप्लिकेट सिम, मग फॉर्म. ओटीपी त्याच नंबरवर येतो, आणि इथेच बहुतेकांचं घोडं अडतं. नव्याने दिलेल्या सिमवर पहिले २४ तास एसएमएस बंद असू शकतात. ओटीपी येत नाही म्हणून पोर्टलच्या नावाने बोटं मोडू नका, दुसऱ्या दिवशी पुन्हा भरा.

फॉर्म गेला की एक रिक्वेस्ट आयडी मिळतो, तो जपा. पुढची स्थिती त्यावरच कळते. साधारण २४ तासांत फोन देशातल्या सगळ्या नेटवर्कवर बंद होतो. वाय-फाय मात्र चालूच राहतं, म्हणून गूगल किंवा ॲपलच्या खात्यातून फोन वेगळा लॉक करावाच लागतो. कुणी त्यात सिम घातलं तर त्याची सूचना पोलिसांकडे जाते आणि तुमच्याकडेही. ‘आयएमईआय टाका, नकाशावर फोन बघा’ म्हणणाऱ्या ॲप आणि वेबसाइट सरळ फसवणूक आहेत. त्यांना पैसेही देऊ नका आणि आकडाही. फोन परत मिळाला तर त्याच पोर्टलवर आधी अनब्लॉक करा, नाहीतर हातात आलेला फोन नुसता कॅमेरा म्हणून वापरावा लागेल.

जुना फोन विकत घेताना हीच तपासणी उलट बाजूने करायची. पैसे देण्याआधी *#०६# दाबून दिसलेला आकडा बिलाशी आणि खोक्याशी जुळवा. मग इंग्रजी मोठ्या अक्षरांत केवायएम (KYM), एक जागा सोडून १५ अंकी आकडा, असा एसएमएस १४४२२वर पाठवा. ‘संचार साथी’ ॲपमध्येही ही सोय आहे. उत्तरात ब्लॅकलिस्टेड, डुप्लिकेट किंवा ऑलरेडी इन यूज आलं, तर तो फोन घेऊ नये असं पोर्टलच सांगतं. फोन कितीही स्वस्त असो, सौदा तिथेच सोडा.

कधी कधी *#०६# दाबल्यावर नुसती शून्यं येतात किंवा जागा कोरीच राहते. फोनमध्ये दुसरं सॉफ्टवेअर चढवताना नेटवर्कची माहिती असलेला भाग बिघडला, की असं होतं. मग सिम असूनही नेटवर्क धरत नाही. अशा वेळी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच जा. गल्लीतला कारागीर ‘रिपेअर’ म्हणून भलताच आकडा टाकून देईल, तर २०२३च्या दूरसंचार कायद्यानुसार आकड्याशी अशी छेडछाड हा गुन्हा आहे; ३ वर्षांपर्यंत कैद, ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आकड्यात फेरफार झालाय हे माहीत असून असा फोन जवळ बाळगणाराही त्यात अडकतो.

मदरबोर्ड बदलला तर आकडा रीतसरही बदलतो. बिल, खोका आणि फोन यांचा मेळ तिथून पुढे बसणार नाही. म्हणून सर्व्हिस सेंटरच्या जॉबशीटवर जुना आणि नवा, दोन्ही आयएमईआय लिहून घ्या आणि ती जॉबशीट मूळ बिलाला टाचून ठेवा. फोटो काढून ठेवणार असाल तर तो ईमेलवर पाठवा, त्याच फोनच्या गॅलरीत ठेवू नका.